टीके-इंटर: पीक बदललं की फॉर्म बदलतो, आतला आकडा मात्र तुम्हीच बघायचा

तासगाव भागात आमचं ठिबकचं दुकान आहे. कोटेशन काढायला आधी एक्सेलची शीट होती, आणि काकांचा हात लागेल तिथलं सूत्र पुसलं जायचं. गेल्या दिवाळीनंतर मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं टीके-इंटर (स्क्रीनवर खिडक्या, बटणं, रकाने बनवायचा संच) वापरून स्वतःच एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. आठ-दहा महिने ते रोज काउंटरवर चालतंय, म्हणून हा अभिप्राय.

टीके-इंटरच का? दुकानातला संगणक जुना, चार जीबी रॅमचा, आणि लाइट गेली की नेटही जातं. विंडोजवर पायथन टाकलं की टीके-इंटर सोबतच येतं. पैसे नाहीत, नेटची गरज नाही. मुळात ते जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलेत टिकल भाषेसाठी बनवलेल्या टीके या संचावर बसतं, आणि ते वय चेहऱ्यावर दिसतं. साधी बटणं राखाडी, जुन्या विंडोजची आठवण करून देणारी. त्याच्यातच टीटीके नावाचा नव्या रूपाचा भाग आहे, त्याची घेतली तर जरा बरी दिसतात. काकांना दिसण्याशी देणंघेणं नाही, त्यांना अक्षर मोठं पाहिजे. ते मिळालं.

माझी खरी गरज वेगळी होती. पीक निवडलं की खालचे रकाने बदलले पाहिजेत. उसाला सरी किती फुटी आणि इनलाइन नळीत (आतच ड्रिपर बसवलेली नळी) ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोटी, किती अंतरावर, एवढं पुरतं. डाळिंबाला ओळींतलं अंतर, झाडांतलं अंतर आणि झाडाला किती ड्रिपर, असं तिसरंच. कॉम्बोबॉक्समधून, म्हणजे यादी उघडणाऱ्या खोक्यातून, पीक निवडल्याची खबर आपल्या फंक्शनला देता येते, तिथून नको ते रकाने लपवायचे, हवे ते दाखवायचे. लपवायला ‘ग्रिड रिमूव्ह’ वापरलं तर रकाना आपली जागा लक्षात ठेवतो, पंगतीत रुमाल टाकून उठल्यासारखा. ‘ग्रिड फर्गेट’ने गेलेला रकाना परत आणताना ओळ-स्तंभ सगळं नव्याने सांगावं लागतं. पहिल्या संध्याकाळीच हे चालू झालं आणि मी खूश.

पंधरा दिवसांनी आटपाडीकडचे एक बागायतदार आले. आधी एकरभर उसाचं विचारलं, पाच फुटी सरी. तो आकडा काढला. मग म्हणाले, “राहू दे, डाळिंबाचंच काढ, चौदा बाय दहा.” मी पीक बदललं, फॉर्म झटकन बदलला, प्रिंट दिली. त्यांनी चष्मा वर केला. “साडेसव्वीसशे मीटर नळी? अरे, मी डाळिंब लावतोय का ऊस?”

बरोबर होतं त्यांचं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटी सरीला ८,७१२ फूट, म्हणजे २,६५५ मीटर नळी लागते. चौदा फुटी ओळीला एकेरी नळी ९४८ मीटरच. उसाचा रकाना लपला होता, रिकामा झाला नव्हता. माझं सूत्र आधी सरीचा आकडा शोधायचं, त्याला तो पाच सापडला. चूक माझीच, पण टीके-इंटर अशा वेळी हूं की चूं करत नाही. कॉम्बोबॉक्सचंही तेच: यादी नवी दिली तरी आधी निवडलेला शब्द खोक्यात तसाच बसून राहतो. तासगाव सांगली जिल्ह्यातलं, पण आमच्याकडे जिल्हा सातारा आणि तालुका तासगाव असं एक बिल अजून फाइलला आहे.

मग मी पीक बदललं की सगळं पुसायला लावलं. तर धाकटा भाऊ वैतागला. गिऱ्हाईक ऊस की डाळिंब असं चार वेळा मागेपुढे करतं, आणि दर वेळी सगळं पुन्हा भरायचं? तोही बरोबर. शेवटी प्रत्येक पिकाला रकान्यांची स्वतंत्र चौकट, म्हणजे फ्रेम केली, तिची व्हेरिएबलं (भरलेले आकडे जिथे साठतात ती) वेगळी, आणि हिशेब फक्त समोर दिसणाऱ्या फ्रेममधूनच घ्यायचा. तेव्हापासून नळीचा घोळ नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आणखी दोन गोष्टींनी डोकं खाल्लं. जुनं कोटेशन उघडताना पिकाचं नाव मी कोडमधून भरायचो, पण खालचे रकाने ढिम्म. निवडल्याची खबर माणसाने निवडलं तरच जाते, कोडने भरलं तर नाही. त्यासाठी व्हेरिएबलवरच ‘ट्रेस’ लावला, म्हणजे कुठूनही बदललं तरी कळतं. दुसरं माउसच्या चाकाचं. काका पान खाली सरकवायला चाक फिरवायचे, कर्सर पिकाच्या खोक्यावर असायचा, आणि द्राक्षाचं डाळिंब व्हायचं. चाकाचा तो गुण बंद करून टाकला. खोकं ‘रीडओन्ली’ही केलं, म्हणजे यादीतूनच निवडायचं, टाइप करायचं नाही; नाहीतर डाळिंब, डाळींब, डाळिम्ब अशी तीन पिकं झाली असती.

पाचपैकी साडेतीन देईन. काउंटरवरच्या एका कामासाठी, विंडोजवर, बिनधास्त घ्या. लिनक्सवर मराठी दाखवायचं असेल तर आधी तपासा: माझ्या उबंटूच्या लॅपटॉपवर ते वेगळं पॅकेज म्हणून टाकावं लागलं, आणि चालू केलं तर ‘ठिबक’ची वेलांटी ‘ठ’च्या मागे जाऊन उभी, जोडाक्षरं फुटलेली. काकांना तो स्क्रीन अजून दाखवलेला नाही.