अकरा ओळींची वेबसाइट

१४ जून २०२५, नीटचा निकाल लागला तो दिवस. लातूरच्या ट्यूशन एरियात त्या दिवशी काय चालतं ते वेगळं सांगायला नको. फ्लेक्सवाल्यांकडे रांगा, पेढे, हलगी. दुपारी एका क्लासच्या सरांचा फोन आला, "अहो, साईट उघडंना गेलीय. पोरांचे फोटो टाकायचेत अन् सगळं पांढरंफटक दिसालंय."

मी कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, बघितला. अकरा ओळी. एक रिकामा डिव्ह, म्हणजे कोरा चौकोन, आणि परक्या सर्व्हरवरून येणारी एक स्क्रिप्ट. मागचे निकाल, शिक्षकांची माहिती, बॅचचं वेळापत्रक, यातलं एक अक्षर आमच्या होस्टिंगवर, म्हणजे साइटसाठी घेतलेल्या जागेवर, नव्हतं. ज्या सर्व्हरवर होतं, तो बंद.

आता मुळापासून सांगतो. मी क्लास, दवाखाने, कुंथलगिरीचा पेढा विकणारे एक मामा, अशांच्या साइट करून देतो. सगळ्यांची कुरकुर एकच: फोन नंबर बदलायचा म्हटलं तरी तुम्हालाच गाठायचं का? म्हणून ब्राउझरमध्येच चालणारा, फोटो उचलून ठेवता येईल असा एडिटर मी शोधत होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये असाच एडिटर विकणाऱ्या एकाचा फोन आला. स्क्रीन शेअर करून डेमो दिला, झकास दिला. १८,५०० रुपये, आजीवन लायसन्स, कितीही ग्राहक जोडा, वर तुमचाच लोगो. दर महिन्याला डॉलरमध्ये भाडं भरून वैतागलेल्या मला ते 'आजीवन' फार गोड लागलं. कोणाचं जीवन, हे विचारायचं राहिलं.

एक प्रश्न मात्र मी विचारला होता. "तयार पानाचं एचटीएमएल, म्हणजे पानाची फाइल, बाहेर काढता येतं का?"

"येतंय की दादा, पुढच्या अपडेटला."

म्हणजे पानं त्यांच्याच सर्व्हरवर अडकणार. तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता. वर पैसे गेले एका माणसाच्या खासगी यूपीआयवर, कारण म्हणे 'कंपनीचं खातं अपग्रेड होतंय'. बिल आलं, जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून मी निवांत. जूनमध्ये आमच्या सीएंनी बोट ठेवून आकडे-अक्षरं मोजली. चौदा. जीएसटी नंबर पंधरांचा असतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, तीही मी दिली नव्हती.

ग्राहकांना शिकवायला म्हणून एडिटरचं पान मी कधीतरी लॅपटॉपवर सेव्ह केलं होतं. ते उघडून एफ१२ दाबलं, की आतला कोड दिसतो. कोडमधल्या सगळ्या सीएसएस क्लासची (शिकवणीच्या नव्हे, पानाच्या भागांना दिलेली) नावं 'जीजेएस' ने सुरू होणारी. म्हणजे हा ग्रेप्सजेएस नावाचा पानं बनवायचा एडिटर, बीएसडी या खुल्या लायसन्सचा, कोणालाही फुकट मिळणारा. तो विकायलाही हरकत नाही, पण कॉपीराइटची ओळ ठेवावी लागते. यांनी ती खरवडून काढली होती. मजकूर लिहायला आत सीकेएडिटर नावाचा दुसरा तयार एडिटर होता, आवृत्ती ४.२२.१. सीकेएडिटर ४ चा फुकट सपोर्ट जून २०२३ मध्येच संपला, आणि ही आवृत्ती 'मी सुरक्षित नाही' अशी सूचना स्वतःच दाखवते. ती दिसू नये म्हणून सेटिंगमध्ये 'व्हर्जनचेक फॉल्स' करून ठेवलेलं. १८,५०० पेक्षा मला त्या एका ओळीचा राग जास्त आला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. पैसे नुकतेच गेले असतील तर ते खात्यात गोठवता येतात. मी गेलो सात महिन्यांनी. पैसे कुठले मिळतात! वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर दोन पानं सापडली. बाकीचे फोटो क्लासमधल्या क्लार्कने व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक करून पुन्हा पाठवले, तेही धुरकट. तीन रात्री मी तेच करत बसलो होतो. सर काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षाचं काम दुसऱ्याला दिलं. मामा म्हणाले, "अरे लेकरा, पेढा तर चालूच आहे."

आता मी डेमो बघतच नाही. एक पान बनवतो, बाहेर काढतो, वायफाय बंद करतो आणि ती फाइल उघडतो. फोटोंसकट दिसलं तर पुढची गोष्ट. मग वर्डमधली एखादी मराठी नोटीस कॉपी करून एडिटरमध्ये टाकतो आणि कोड बघतो. वर्डच्या 'एमएसओनॉर्मल' खुणांचा कचरा तसाच आत आला तर क्लार्क आठवड्याभरात पानाचं वाटोळं करणार हे नक्की. आजीवन वगैरे मला नको, साइट माझ्याच होस्टिंगवर राहिली पाहिजे.

हे आज लिहायला बसलो, कारण नांदेडच्या एका मित्राने काल डेमोचा व्हिडिओ पाठवला, 'घेऊ का?' म्हणून. नाव नवीन, रंग नवीन, भाव २४,९९९. आवाज तोच, आणि 'दादा' म्हणायची लकबही तीच.