मेंदूतला स्टेंट गुठळीने बंद झाला: औषध, शोषनळी की रिट्रीव्हर?

मेंदूच्या नसेत स्टेंट (नस उघडी ठेवणारी तारेची जाळी) टाकलेल्या पेशंटचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, की पहिलं काम सीटी स्कॅन. रक्तस्राव नसेल आणि अँजिओग्राफीत स्टेंट बंद दिसला, तर नातेवाइकांपुढे गुठळीवरच्या उपचाराचं संमतीपत्र येतं. सही करण्याआधी एवढं समजून घ्या.

नव्या स्टेंटमधली गुठळी मुख्यतः प्लेटलेट्सची असते. लकव्यात नेहमी देतात ते अल्टेप्लेस हे औषध फायब्रिनचे (गुठळी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे) धागे विरघळवतं, म्हणून इथे तोकडं पडतं. टिरोफिबान हे दुसरं औषध प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटूच देत नाही. ते 0.4 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट या वेगाने 30 मिनिटं, नंतर 0.1 ने पंपावर चालतं. अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 2 तास, त्यामुळे रक्तस्राव झालाच तर बंद केल्यावर काही तासांत असर उतरतो. किडनी कमजोर असेल तर डोस घटवावा लागतो; क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. गुठळी पातळ असून रक्त थोडंफार वाहत असेल, तर एवढ्यावर भागू शकतं.

नस पूर्ण बंद असेल तर नुसत्या औषधावर वेळ घालवू नये. मांडीतून किंवा मनगटातून शोषनळी गुठळीपर्यंत नेऊन गुठळी ओढून घेतात. अडचण स्टेंटच्या तोंडाशी येते: नळीची कड जाळीच्या तारेला अडते. अशा वेळी नळी जोराने न रेटता आतून मायक्रोकॅथेटरचा (आणखी बारीक नळीचा) आधार देतात.

रिट्रीव्हर, म्हणजे गुठळी पकडून बाहेर ओढायचं साधन, स्वतःच तारेची जाळी. ती आधीच्या जाळीत उघडून मागे ओढली की तारेत तार अडकते आणि जुना स्टेंट सरकू शकतो, नसही फाटू शकते. अडकलाच तर खेचायचं नाही. मायक्रोकॅथेटर पुढे सरकवून रिट्रीव्हर त्यात परत मिटवायचा. स्टेंट ताजा असेल, तर आमच्या मते आधी शोषनळी आणि टिरोफिबान, रिट्रीव्हर अगदी शेवटी.

बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे 130 किलोमीटर. निघतानाच तिथल्या हॉस्पिटलला फोन करून ‘मेंदूत स्टेंट आहे’ हे सांगा, म्हणजे कॅथलॅब (नसेतून नळी घालून उपचार करायची खोली) तयार राहील. डिस्चार्ज कार्डावरचं स्टेंटचं स्टिकर आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) कधी चुकलं, दात काढायला कुणी बंद करायला लावलं का, ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू आहे का, हे लपवू नका. ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा असर घटतो, आणि गुठळीचं कारण तसंच राहिलं तर उघडलेला स्टेंट पुन्हा बंद पडतो.