एनएसओचा युनिट-लेव्हल डेटा: काही महिन्यांच्या वापरानंतर, गुणवत्तेच्या नजरेतून

हा अनुभव राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या (एनएसओ) दोन सर्वेक्षणांचा आहे: श्रमबळाचं पीएलएफएस आणि घरखर्चाचं एचसीईएस. अहवालांचा नव्हे, त्यामागच्या कच्च्या फाइलींचा. नोंदणी केली की या फाइली सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवरून फुकट उतरवता येतात. एखाद्या सांख्यिकी संस्थेची गुणवत्ता-तपासणी किती खरी, हे तिच्या धोरणपत्रांपेक्षा या फाइलींत जास्त स्वच्छ दिसतं.

आधी कौतुकाची गोष्ट. प्रत्येक नमुना दोन स्वतंत्र उपनमुन्यांत काढलेला असतो आणि कोणतं गाव वा शहरी ब्लॉक कोणत्या उपनमुन्यात आहे, तो रकाना फाइलीत उघड दिलेला असतो. ही संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या काळापासूनची पद्धत. फायदा असा की आकडा किती डळमळीत आहे, हे वापरणाऱ्याला स्वतः काढता येतं. प्रत्येक स्तरासाठी (नमुना काढण्याआधी पाडलेल्या गटासाठी) दोन उपनमुन्यांचे अंदाज काढा, फरकाचा वर्ग करा, चारने भागा, सगळ्या स्तरांची बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या: ही झाली प्रमाण त्रुटी. समजा एकाच स्तराचा मामला आहे आणि एक उपनमुना ४.६ टक्के म्हणतो, दुसरा ५.४, तर सरासरी ५.०, प्रमाण त्रुटी ०.४, सापेक्ष त्रुटी ८ टक्के. राज्य, लिंग आणि शिक्षण अशी तिहेरी फोड केली की हीच त्रुटी झपाट्याने फुगते. अशा वेळी तो आकडा छापू नये, पण वर्तमानपत्रांत तो बिनदिक्कत छापला जातो.

आता भारांक किंवा गुणक, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा. जवळपास सगळ्यांची गाडी इथे अडते. गुणकाच्या रकान्यात दशांश चिन्ह नसतं, शेवटचे दोन अंक दशांश मानायचे असतात, म्हणून १०० ने भागायचं. पण पीएलएफएसमध्ये तेवढ्याने भागत नाही. एनएसएस आणि एनएससी असे दोन रकाने आहेत: पहिला त्या उपनमुन्यातल्या युनिटांच्या (गावं वा शहरी ब्लॉक) संख्येचा, दुसरा दोन्ही उपनमुने मिळून. दोन्ही आकडे समान असतील तर त्या उपस्तरात एकच उपनमुना हाती आला आहे, म्हणून १०० ने भागायचं. वेगळे असतील तर २०० ने. वर्षाचा अंदाज हवा असेल तर वर तिमाहींच्या संख्येनेही भागायचं. सगळीकडे सरसकट १०० ने भागलं तर एकूण लोकसंख्या जवळपास दुप्पट येते, ते लगेच लक्षात येतं. पण बेरोजगारीचा दर जेमतेम हलतो, कारण अंश आणि छेद दोन्ही फुगलेले असतात. ज्याला फक्त टक्केवारी हवी असते त्याची चूक म्हणूनच कधी उघडकीला येत नाही. हा नियम माहितीपत्रकात आहे, पण तो वाचून काहीही कळत नाही. पडताळणी करूनच कळतो.

ती पडताळणी अशी: नवीन काही मोजण्याआधी अहवालातला एक तक्ता जसाच्या तसा काढून बघा. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या पीएलएफएससाठी १५ वर्षं आणि त्यावरील वय, नेहमीची स्थिती (गेल्या वर्षभरातल्या कामावरून ठरणारी), पूरक कामासह: श्रमबळ सहभाग ६०.१, कामगार प्रमाण ५८.२, बेरोजगारी ३.२ टक्के. तिन्ही आकडे जुळले तरच पुढे जा. एकूण लोकसंख्या दुप्पट आली तर भारांक चुकला एवढं कळतं, पण तिच्यावरून नेमका ताळा करू नका. सर्वेक्षणातून येणारी लोकसंख्या प्रक्षेपित (जनगणनेवरून पुढे अंदाजलेल्या) लोकसंख्येपेक्षा कमीच भरते. म्हणून गुणोत्तरं सर्वेक्षणाची घ्यायची आणि माणसांची संख्या हवी असेल तर ती प्रक्षेपणावर लावायची.

फाइली जोडतानाचा सापळा वेगळाच आहे. कुटुंबाची ओळख एका क्रमांकात नसते. युनिट क्रमांक, उपविभाग, दुसऱ्या टप्प्याचा स्तर आणि कुटुंबाचा नमुना क्रमांक असं सगळं जोडून ती बनते. पीएलएफएसमध्ये त्यात तिमाही आणि भेटीचा क्रमांकही येतो. यातला एखादा घटक सुटला की वेगवेगळी घरं एकमेकांना चिकटतात आणि सॉफ्टवेअर मुकाट्याने ओळी वाढवतं. जोडणीनंतर ओळी मोजणे हा एकच उपाय. राज्याचे कोड मजकूर म्हणूनच वाचा. आकडा म्हणून वाचले तर महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३० टिकतो, पण ०१ ते ०९ वाल्यांचं पहिलं शून्य उडतं आणि फिक्स्ड-विड्थ (ठरावीक अंकसंख्येचे) कोड जुळवताना तीच राज्यं गायब होतात.

एचसीईएसमध्ये अन्न, नित्याच्या वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू अशा तीन भेटी आहेत आणि दरवेळी कुटुंबातली माणसं पुन्हा मोजलेली असतात. प्रत्येक प्रश्नावलीचा खर्च तिच्याच माणसांच्या संख्येने भागायचा, मग बेरीज करायची. पहिल्या भेटीचा आकडा सगळीकडे वापरला तर मधल्या काळात मुलगी बाळंतपणाला आलेल्या घराचा हिशेब बिघडतो. ७ आणि ३६५ दिवसांच्या स्मरणकाळाचे (मागच्या जितक्या दिवसांचा खर्च विचारला जातो त्या काळाचे) खर्च ३० दिवसांवर आणायला विसरू नका, हे सांगायला नकोच.

प्रतिसादाच्या बाबतीत मात्र आमचा आक्षेप आहे. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ च्या एचसीईएसमध्ये ८,७२३ गावं आणि ६,११५ शहरी ब्लॉक, प्रत्येकी १८ घरं, म्हणजे २,६७,०८४ जागा. माहिती आली २,६१,७४६ घरांची. ९८ टक्के. पण हा प्रतिसाद-दर नव्हे. मूळ घर मिळालं नाही तर बदली घर घेतलेलं असतं. फाइलीत तसा कोड आहे आणि बदलीचं कारणही: माणूस कामात, घर बंद, सहकार्य नाही. शहरातल्या श्रीमंत वस्त्यांसाठी हे रकाने वेगळे काढून बघितल्याशिवाय विषमतेवर बोलू नये. ही फोड अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवी. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाचा (ओएनएस) श्रमबळ सर्वेक्षणातला प्रतिसाद २०२३ मध्ये १७.३ टक्क्यांवर घसरला, तेव्हा त्यांनी त्या ऑक्टोबरमध्ये त्यावर आधारित आकडेच थांबवले. नाचक्की झाली, पण दर सगळ्यांसमोर होता. आपल्याकडे २०१७-१८ चं खर्च सर्वेक्षण नोव्हेंबर २०१९ मध्ये 'दर्जा' या कारणावरून रोखलं गेलं आणि फाइलीच बाहेर आल्या नाहीत. दर्जा खराब होता की नव्हता, हे बाहेरच्याला तपासताच येत नाही.

टॅबलेटवरची नोंदणी आल्यापासून अशक्य नोंदी खरंच कमी दिसतात: उलटसुलट वयं, रिकामे रकाने, न जुळणाऱ्या बेरजा. पण यंत्राचा इशारा प्रगणकाला उत्तर 'बसवायला'ही शिकवतो. मिळकतीचा वितरण-आलेख काढला की १०,००० आणि १५,००० वर सुळके उभे राहतात. काही लोकांच्या सांगण्यातूनच येतात, काही नोंदवणाऱ्याच्या सोयीतून. मध्यक काढताना हे सुळके थेट आडवे येतात.

जानेवारी २०२५ पासूनचं पीएलएफएस नव्या रचनेचं आहे: १२,८०० ऐवजी २२,६९२ युनिटं, ८ ऐवजी १२ घरं, तेच घर सलग चार महिने, आणि जिल्हा हा मूळ स्तर. त्यामुळे जुन्या फाइलींतून जिल्ह्याचा बेरोजगारी दर काढणं थांबवा. तेव्हाची रचना महाराष्ट्रात किनारपट्टी, पश्चिम, उत्तर, मध्य अशा सहा प्रदेशांभोवती होती. जिल्ह्याचा रकाना होता, पण नमुना त्यासाठी काढलेला नव्हता. जुनी आणि नवी मालिका एका रेषेत जोडून आलेखही काढू नका. मासिक आकडा चालू साप्ताहिक स्थितीचा (गेल्या सात दिवसांतल्या कामावरून ठरणारा) असतो, वार्षिक अहवालातला गाजलेला दर नेहमीच्या स्थितीचा. दोन्हींत 'बेरोजगार' शब्दाचा अर्थच वेगळा.