बुकचोनमधला चेक्कोरी वर्ग: घाईत असाल तर जाऊ नका

सोलमध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या, हातात ब्रश धरायची हौस असलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. बुकचोनच्या चढावर एका जुन्या हानोकमध्ये, म्हणजे पारंपरिक कोरियन घरात, मिन्ह्वा, म्हणजे कोरियन लोकचित्रं, शिकवणारा छोटा स्टुडिओ आहे. मी तिथे चेक्कोरी शिकले. पुस्तकांच्या चळती, शाईचा दगड, ब्रशदाणी, फुलदाणी, चष्मा, मधूनच डाळिंब नाहीतर कलिंगड, असा विद्वानाच्या खोलीतला सगळा ऐवज एका चित्रात.

रेखाटन तयार मिळतं. त्यावर हान्जी, म्हणजे पारंपरिक कोरियन कागद, ठेवून शाईने रेघा उतरवायच्या. कागदाला आधीच सरस-तुरटीचा हात दिलेला असतो, म्हणून रंग फुटत नाही. खरी कसोटी 'बारिम'ची. एकाच हातात दोन ब्रश: एकाने रंग लावायचा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या, नुसत्या ओल्या ब्रशने कड पसरवत न्यायची. पाणी जरा जास्त झालं की डाग पडतो. शिकवणाऱ्या बाईंनी माझा ब्रश फडक्यावर टिपून पुन्हा हातात दिला, आणि डाळिंबाचा लाल रंग देठाकडे अलगद विरत गेला. थर पातळच द्यायचे, दोन-तीनदा.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की पुस्तकं मागच्या बाजूला रुंद होत जातात आणि बाई ती 'सुधारू' देत नाहीत. कारणही समजावतात. दरबारी चित्रकारांनी युरोपातून बीजिंगमार्गे आलेलं यथार्थदर्शन, म्हणजे लांबची वस्तू लहान दाखवायची रीत, आणि छायाप्रकाश उचलला होता. 1791 मध्ये कोरियाच्या जोंगजो राजाने तर सिंहासनामागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र असलेला घडीचा पडदा उभा केला. पुढे ही हौस घराघरांत पोचली, तेव्हा लोकचित्रकारांनी कपाट काढून टाकलं, वस्तू एकमेकींवर रचल्या आणि एकाच चित्रात त्या अनेक बाजूंनी पाहिल्या.

उणिवा आहेत. बोलणं बहुतेक कोरियनमध्येच, नमुने मोजके, आणि एका बैठकीत चित्र पुरं होत नाही. फ्रेमसाठीही फार आग्रह करतात. मी सरळ नको म्हटलं.

जाण्याआधी दरबारी चित्रकार ई ह्योंग-रोकचा असा एखादा पडदा पाहायला मिळाला तर सोडू नका. त्याने रंगवलेल्या वस्तूंमध्येच स्वतःच्या नावाचा शिक्का लपवलाय, तो शोधा. बसायला जमिनीवर गाद्या आहेत. गुडघे दुखत असतील तर नोंदणी करतानाच खुर्ची मागून घ्या, देतात.