तळाला मारलेला ताजा काळा कोट

बारा वर्षे वापरलेली, टर्बो इंजिनाची एक वेगवान गाडी मी अलीकडेच विकत घेतली. घेताना वाकून पाहिले तेव्हा तळ एकसारखा काळा आणि तुकतुकीत दिसला; मालकाने गाडी जिवापाड जपली असणार असे मी त्यावरून धरून चाललो, आणि माझी फसगत तिथेच झाली.

इंजिनाचे दुखणे दुसऱ्याच सकाळी कळले. पाहायला गेलो होतो तेव्हा ते आधीच तापलेले होते, त्यामुळे थंड इंजिन सुरू करताना होणारा टायमिंग चेनचा (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीचा) खडखडाट आणि तेल जळल्याचा निळसर धूर मला दिसलाच नव्हता. गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर एकही दोष आढळला नाही. मात्र संगणक इंजिनाच्या ज्या स्वयंतपासण्या करतो त्या अपूर्ण होत्या; नोंदी पुसल्या की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणजे दोषांच्या नोंदी बहुधा नुकत्याच पुसलेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात चाक बदलण्यासाठी दाराखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावला, तर गाडी उचलली जाण्याऐवजी कर्रकन आवाज होऊन जॅकच पत्र्यात घुसला. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो फारसा जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला, आणि काळ्या कोटिंगच्या जाड सालीबरोबर तपकिरी पापुद्रे त्याच्या हातावर गळून पडले. भोकांवर जाळी लावून, पुट्टी भरून, वर अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंजापासून वाचवण्यासाठी मारतात तो जाड काळा थर, फवारलेले होते. त्याच कोटिंगने पाणी निचरण्याची छिद्रेही बुजली होती, त्यामुळे आत ओल साचून गंज वाढतच गेला. बाजूने धडक बसली तर हाच भाग आतल्या माणसांना वाचवतो, आणि त्या गाडीच्या मागच्या सीटवर रोज माझी मुलगी बसत होती. पैशांपेक्षा मला याचाच संताप अधिक आहे.

म्हणून जुन्या गाडीचा तळ नवाकोरा काळा दिसला, तर तो कधी आणि कशासाठी रंगवला हे विचारावे, गाडी लिफ्टवर घेऊ देण्याचा आग्रह धरावा आणि दाराखाली कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जाड पुट्टीवर ते चिकटत नाही. भेटीला गेल्यावर आधी बॉनेटला हात लावून पाहावा आणि ते गरम असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

विकणारा आता फोन उचलत नाही. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड होईपर्यंत गाडी उभीच राहील. कापलेल्या भागाचे फोटो मी तिच्या कागदपत्रांसोबत ठेवले आहेत. पुढे कोणी ती घ्यायला आला, तर त्याला आधी तेच दाखवीन.