तंबू अंगणात ठोकावा की पवना धरणाकाठी?

नाताळची सुटी जवळ आली की पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळ घरांत तंबूत राहण्याचा विषय निघतो आणि बहुतेकांच्या तोंडी मावळातल्या पवना धरणाचे नाव येते. ज्यांच्या घराला अंगण किंवा परसू आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. माझे मत असे की, घरात सहा-सात वर्षांखालील मूल असेल किंवा गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील, तर पहिला मुक्काम अंगणातच करावा. मुले मोठी असतील आणि घरातल्यांना खरोखरच गावाबाहेर पडायचे असेल, तर धरणाकाठ बरा.

देखाव्याच्या बाबतीत अंगण हरते, हे मान्यच करावे लागेल. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग यांच्या सोबतीने पाण्यावर होणारी संध्याकाळ घराच्या कुंपणाआड मिळणार नाही. आकाशाचे मात्र तसे नाही. शनिवारी रात्री धरणाकाठी पैसे घेऊन तंबू देणाऱ्या अनेक तळांवर दिव्यांच्या माळा आणि ध्वनिवर्धक चालू असतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास कायद्याने बंदी असली, तरी ती सगळीकडे पाळली जातेच असे नाही. अंगणात रस्त्याच्या दिव्याचा उजेड पोहोचणार नाही अशी जागा निवडली, तर मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध सहज ओळखता येतात. 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कावर्षावातल्या ठळक उल्काही दिसू शकतात. अट एवढीच की चांदणे फार नसावे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे: तिकडे माणशी दर असतो, इकडे तंबू एकदा विकत किंवा भाड्याने आणावा लागतो.

झोपण्याच्या जागेचा विचार मात्र नीट केला पाहिजे, कारण मुक्काम फसतो तो बहुधा इथेच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान दहा-बारा अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरते, आणि तंबूत थंडी वाजते ती मुख्यतः खालून. अंगावर दुसरे पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली जाड गोधडी किंवा गादी घालणे अधिक उपयोगी ठरते. झडपा पूर्ण बंद ठेवल्यास श्वासातली वाफ पहाटेपर्यंत आतल्या कापडावर थेंबांच्या रूपाने जमते आणि पांघरुणे ओलसर होतात, म्हणून वरची जाळी उघडी ठेवावी. तंबू नारळाच्या झाडाखाली लावू नये; झावळी किंवा नारळ पडायला वारा लागतोच असे नाही.

सापांची भीती दोन्हीकडे सारखीच आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळे पालापाचोळा, विटा आणि लाकडांचे ढीग आदल्या आठवड्यातच हलवावेत, तळ शिवलेला तंबूच घ्यावा, त्याची चेन सतत लावलेली असावी आणि चपला आत ठेवाव्यात. दंशाची नुसती शंका आली तरी वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. अशा वेळी घराजवळ असण्याचा फायदा फार मोठा आहे. धरणाकाठी पाण्याचा धोका आणखी वेगळा: काठ सपाट दिसला तरी पुढे खोली एकदम वाढू शकते आणि गाळात पाय रुततो.

जेवणात अंगण सरळ जिंकते. तळावर ठरलेले जेवण मिळते. घरी थंडीतली पोपटी लावता येते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालून त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी आणि हवे असल्यास मसाला लावलेले चिकन रचावे. पाणी अजिबात घालू नये. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके उपडे ठेवावे आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवून अर्धा-पाऊण तास जाळ धरावा. रायगड जिल्ह्यातल्या लोकांना हे सांगावे लागणार नाही; देशावर हुरडा भाजावा. जाळ मातीवर करावा, कारण फरशी तडकते. तंबूपासून तो लांब असावा आणि पाण्याची बादली हाताशी असावी. निखाऱ्यांची शेगडी ऊब यावी म्हणून तंबूत कधीही नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

अंगणातल्या मुक्कामाची खरी अडचण म्हणजे घराचे उघडे दार. कोणी मोबाइल चार्ज करायला आत जातो, कोणी दूरदर्शनसमोर बसतो आणि दहापर्यंत तंबूत एकटे मूल उरते. धरणाकाठी हे अंतर आपोआप पडते. घरी ते ठरवून पाडावे लागते. शनिवारी दुपारी चारला सगळे सामान बाहेर काढून दार लावून घ्यावे, आत फक्त स्वच्छतागृहापुरते जावे आणि कामे आधीच वाटावीत: तंबू मुलांनी उभारायचा, चूल मोठ्यांनी सांभाळायची, गोष्टी आजीने सांगायच्या.

तरीही पवना निवडायचे असेल, तर शक्यतो शनिवार टाळावा. पैसे भरण्यापूर्वी तळचालकाला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: तंबू पाण्यापासून किती अंतरावर आहेत, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का आणि ध्वनिवर्धक किती वाजता बंद होतो.