बाथरूमची फरशी बदलून आठ महिने झाले, आता लिहिते

काम झाल्या झाल्या लिहिणार होते पण नवी फरशी काय, सगळ्यांचीच छान दिसते, म्हणून मुद्दाम थांबले. आठ महिने झाले, घरात चार माणसं, रोजच्या आंघोळी, कपडे, सगळं त्याच बाथरूममध्ये, त्यामुळे आता जे सांगतेय ते वापरून सांगतेय.

जुनी फरशी ग्लॉसी होती. आई त्याच्यावर दोनदा घसरली, दुसऱ्या वेळी मनगट मोडलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की आता बास. खालच्या खोलीच्या छताला ओल पण यायला लागली होती, म्हणजे नुसती वरून फरशी चिकटवून भागणार नव्हतं, सगळं खोदूनच काढायला लागलं.

टाइल मी ३० बाय ३० सेंटीमीटरची मॅट पोर्सलेन घेतली. सगळे म्हणत होते ६० बाय ६० घे, जॉइंट कमी, साफसफाई कमी. पण छोट्या बाथरूमला पाणी चारी बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे न्यायचं असतं आणि मोठी लादी काही वाकत नाही, तिला तिरके काप मारायला लागतात. लहान लादीला ढाळ सहज देता येतो, शिवाय जॉइंट जास्त असल्यामुळे पायाला पकड पण जास्त मिळते. पोर्सलेन अशासाठी की ती पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. भिंतीची साधी सिरॅमिक १० टक्क्यांच्या वर पिते, ती स्वस्त पडते म्हणून जमिनीला कोणी लावू नका.

अँटीस्किडबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. बॉक्सवर आर १०, आर ११ असं लिहिलेलं असतं ना, ती टेस्ट बूट घालून तेलकट उतारावर चालून केलेली असते. ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे ग्रेड आहेत आणि शॉवरखाली निदान बी तरी पाहिजे. मी तर एक सँपल लादी घरी आणली, साबणाचं पाणी ओतलं आणि माझा हात धरून आईला तिच्यावर उभं केलं. ती म्हणाली, "ही चालेल गं, पाय धरतेय." मग बाकीचा माल आणला. आठ महिन्यांत कोणी एकदाही घसरलेलं नाही, माझ्यासाठी हे काम इथेच वसूल झालं.

आता ढाळ. मी टाइलच्या रंगावर पंधरा दिवस घालवले आणि ढाळावर एक दिवस, हे उलटं व्हायला पाहिजे होतं. मिस्त्रींनी मीटरला साधारण दीड सेंटीमीटर ढाळ दिला, म्हणजे दारापासून ट्रॅपपर्यंत पावणेदोन मीटरला अडीच सेंटीमीटरच्या थोडं वर. शॉवरच्या बाजूला पाणी इतकं सुरेख पळतं की दहा-पंधरा मिनिटांत फरशी नुसती दमट राहते. पण दारामागच्या कोपऱ्यात दोन लाद्यांवर पाणी साचतं, वाटीभरच, पण रोज साचतं आणि तिथेच बुळबुळीत होतं. कारण कोब्याचा, म्हणजे लाद्यांखालच्या सिमेंटच्या थराचा ढाळ मधे मधे लेव्हल लावून बघितला, तो कोपरा राहिला. लाद्या बसवायच्या आधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे कुठे थांबतं ते बघून खडूने खुणा केल्या असत्या तर तिथल्या तिथे दुरुस्त झालं असतं.

वॉटरप्रूफिंगला मात्र मी हट्ट धरला आणि बरं झालं धरला. दोन कोट, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यात जाळी, आणि भिंतीवर फूटभर वर. मग ट्रॅप बंद करून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली, ४८ तास. पहिल्या टेस्टला पाणी बोटभर उतरलं! ट्रॅपच्या भोवतीच्या जॉइंटमधून जात होतं. ते नीट भरून परत टेस्ट केली तेव्हा पाणी रेघेवर राहिलं. दोन-तीन दिवस जास्त गेले, घरात सगळे वैतागले होते, पण खालच्या छताची ओल तेव्हापासून वाढलेली नाही, हळूहळू वाळून गेली.

ग्राउटचं, म्हणजे लाद्यांमधल्या फटीत भरतात त्या मसाल्याचं, खरं तर वेगळं लिहायला पाहिजे इतकं आहे. इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) कमी पडलं म्हणून शॉवरच्या भागात इपॉक्सी आणि बेसिनकडच्या कोरड्या भागात सिमेंटचं असं झालं, त्यामुळे एकाच फरशीवर दोन्ही बघायला मिळतंय. सिमेंटवालं चौथ्या महिन्यात काळपट पडलं, ब्रशने घासून थोडं उजळतं, परत तेच. इपॉक्सी आजही पहिल्या दिवसाच्या रंगाचं आहे. पण ते लावणारा हात पटपट चालणारा पाहिजे, कारण कालवलं की घट्ट व्हायला लागतं आणि लादीवरचं पुसायचं राहिलं तर पातळ थर चिकटून बसतो. माझ्याकडे दोन लाद्यांवर तो बसलाय, मॅट असल्यामुळे निघत नाही आणि मळ तिथेच धरतो. आणि इपॉक्सी केलं म्हणजे वॉटरप्रूफिंग नको असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका, ती दोन वेगळी कामं आहेत.

भिंत आणि जमीन मिळते त्या जॉइंटला पण ग्राउटच भरलं होतं, तिसऱ्या महिन्यात केसासारखी चीर गेली. तिथे सिलिकॉन पाहिजे, भिंत आणि जमीन वेगवेगळी हलते. मी स्वतः खरवडून काढून सिलिकॉन भरलं, अजून शाबूत आहे.

बसवताना लादीखालचा चिकटवायचा माल दाताच्या थापीने पूर्ण पसरलाय ना ते बघा, पाच गोळे ठेवून लादी दाबायची पद्धत ओल्या जागेला नको. मी एक लादी ताजी असतानाच उचलून मागची बाजू बघितली होती. तरी बेसिनखालची एक पोकळ राहिली, टकटक केलं की बद आवाज येतो. सध्या हललेली नाही.

साफसफाईला अ‍ॅसिड एकदाही वापरलेलं नाही, सिमेंट ग्राउट खाऊन टाकतं ते. साधा लिक्विड साबण, नायलॉनचा ब्रश आणि शेवटी वायपर, आठवड्यातून दोनदा. मॅट लादी ग्लॉसीपेक्षा जास्त घासायला लागते हे खरं आहे, आणि ते मला चालतंय.

दारामागच्या त्या दोन लाद्या काढून परत बसवायच्या आहेत. १० टक्के लाद्या जास्तीच्या घेऊन ठेवल्यात, त्याच बॅचच्या, त्यामुळे रंगाची काळजी नाही. काळजी आहे ती खालचा वॉटरप्रूफिंगचा कोट न फोडता लाद्या निघतील का याची, म्हणून ज्यांनी तो कोट मारला ते मिस्त्री मोकळे होईपर्यंत थांबलेय, तोवर आंघोळीनंतर तो कोपरा वायपरने ओढून घेते.